१,९२,००० किमी झालेली डिझेल हॅचबॅक, एस्टिमेट १,१०,००० चं: आधी काय, नंतर काय?

साखळी_पणजी_साखळी

गाडी २०१२ ची, १२४८ सीसी कॉमन रेल डिझेल, साधा टर्बो, पाच गिअर. तिसरा मालक. धाव रोज साठेक किलोमीटर, म्हणजे वर्षाला १८,००० च्या आसपास. महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगाव. बाजारात आज दीड-पावणेदोन लाख येतील.

लक्षणं अशी:
सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक-दोन सेकंद पुढून खडखड, मग बंद.
कूलंट महिन्याला अर्धा लिटर कमी होतं, खाली थेंब दिसत नाही.
चोर्ल्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अचानक जोर जातो, इंजिनचा दिवा लागतो. बंद करून परत चालू केलं की ठीक.
क्लच खूप वर पकडतो.
खड्ड्यात डावीकडून पुढे टक-टक.
एसी चालत्या गाडीत थंड, सिग्नलला कोमट.

मेस्त्रीने दिलेलं एस्टिमेट: टायमिंग चेन १४,०००, क्लच सेट १०,०००, टर्बो ३२,०००, चार इंजेक्टर २४,०००, पुढचं सस्पेन्शन १६,०००, एसी ९,००० आणि "कूलंटचं बघू" ५,०००. एकूण १,१०,०००.

प्रश्न दोन. यातलं खरोखर आत्ता करायचं काय? आणि अशा गाडीला वर्षाचा किती खर्च धरून चालायचं?

फोंड्याचा_पाना

एस्टिमेट बाजूला ठेवा आणि आधी गाडी रॅम्पवर घ्या. बॉनेट उघडूच नका.

गोव्यात जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. पण या गाड्यांना वेगळी चासी नसते, अख्खा सांगाडाच बॉडी आहे. तो सडला की चेन नवी असून काय उपयोग?

बघायच्या जागा: दारांखालचे रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, मागच्या चाकांच्या कमानींची आतली बाजू, स्टेपनीचा खड्डा (कार्पेट उचलून), मागच्या अ‍ॅक्सल बीमवर स्प्रिंग बसते ती वाटी, पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर वर जिथे बोल्टने धरतात ते बुरूज आणि ब्रेकचे लोखंडी पाइप. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून मुठीने ठोकत जा. शाबूत पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द आवाज देतो. शंका आली तिथे टोक टेकवून अंगठ्याने दाबा. आत गेलं तर तो गंज नाही, भोक आहे, फक्त अजून कळलं नव्हतं.

दुसरं, एक छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून रनिंग बोर्डावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. आणि खाली काळं कुळकुळीत नवं अंडरकोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. गंजावर मारलेलं कोटिंग म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. आतली ओल बाहेर पडत नाही, दोन पावसाळ्यांत पापुद्रा हातात येतो.

शॉकचे बुरूज किंवा मागची स्प्रिंगची वाटी गेली असेल तर पुढचं काहीच वाचू नका, गाडी आहे तशी विका. फक्त रनिंग बोर्ड गेला असेल तर कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. एका बाजूचे रंगासकट ८ ते १२ हजार.

रेल_प्रेशर

पाना यांच्याशी सहमत. पण पत्रा ठीक निघाला असं धरून पुढचं लिहितो, कारण हे एस्टिमेट वाचून हात शिवशिवले. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. सहा लक्षणांना सात नवे पार्ट लावलेत, तपासणी एकही नाही.

जोर जाणे. टर्बो आणि इंजेक्टर मिळून ५६,००० याच एका लक्षणावर लिहिलेत. आधी इंजिनच्या दिव्यामागचा एरर कोड वाचा. स्कॅनर नसेल तर ब्लूटूथचं ओबीडी अडॅप्टर (कोड मोबाइलवर दाखवणारं) हजाराच्या आत मिळतं. पी०२९९ आला तर टर्बोचा दाब कमी पडतोय, पी००८७ आला तर रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) डिझेलचा दाब कमी पडतोय. दोन्ही पूर्ण वेगळे रस्ते आहेत. कोड पुसून टाकला असेल तर धूर बघा. जोर गेल्यावर मागे काळा धूर असेल तर डिझेल येतंय पण हवा गळतेय. धूर नाही आणि जोर नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही.

हवेचा रस्ता असेल तर टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हे दोन रबरी होज काढून हातात घ्या. या वयात ते तेल पिऊन फुगतात आणि खालच्या बाजूने, क्लिपच्या शेजारी चिरतात. गाडीवर बसलेले असताना चीर मिटलेली दिसते, दाब आला की उघडते. म्हणूनच घाटात त्रास आणि पणजीच्या रस्त्यावर काही नाही. दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. होजमध्ये तेलाची ओलसर झाक असणं साधारण आहे, घाबरू नका. ओंजळभर तेल सांडलं तरच टर्बोच्या सीलचा विचार. टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवी किंचित हालचाल चालते, पुढे-मागे हलला किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा असल्या तर मात्र गेला. तेव्हासुद्धा मधला गाभा बदलून १२ ते १५ हजारांत भागतं, अख्खा टर्बो लागतोच असं नाही.

डिझेलचा रस्ता असेल तर पहिला डिझेल फिल्टर, ६०० ते १,००० रुपये. आपल्याकडे पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं. तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत शंभरेक मिली काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. फिल्टर बदलूनही फरक नाही तर इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून त्या जागी चार पारदर्शक नळ्या आणि चार सारख्या बाटल्या लटकवायच्या, इंजिन आयडलवर तीन-चार मिनिटं ठेवायचं. तिघांत बोटभर आणि एकात तिप्पट भरलं, तर तो एकच इंजेक्टर खराब. एक रिकंडिशन करायला ६ ते ७ हजार. चार कशाला?

चेनची खडखड. या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिचा टेन्शनर ऑईलच्या दाबावर ताणतो. स्वस्त ऑईल फिल्टरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धड नसतो. रात्रभरात ऑईल खाली उतरतं आणि सकाळी दाब येईपर्यंत चेन सैल वाजते. म्हणून आधी ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, जे मॅन्युअलमध्ये आहे ते, आणि कंपनीचा फिल्टर टाका. आठवडाभर सकाळी कान देऊन ऐका. आवाज गेला तर १४,००० वाचले. तसाच राहिला, किंवा गरम इंजिनालाही आयडलवर पुढून घासल्यासारखा येऊ लागला, तर चेन लांबलीय. तेव्हा टाळाटाळ नको. चेनने दात सोडला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन भेटतात आणि हेड उतरतं.

चेन करायची वेळ आलीच तर मेस्त्रीला एकच विचारा, कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना आहेत का. "खूण करून बसवतो" म्हणाला तर दुसरीकडे जा. किटमध्ये चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट सगळं एकदम बदला, सोबत पुढचं क्रँक सील. ऑईल संप उतरतोच, तेव्हा ऑईल स्ट्रेनरची जाळी बघा. जाळीवर काळा गाळ बसलेला असेल तर चेन का लांबली याचं उत्तर तिथेच आहे.

क्लच. वर पकडतो म्हणजे झिजलाय, पण घसरतोय का ते वेगळं. सपाट मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाला चौथा गिअर टाकून एकदम पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम उसळला आणि वेग तिथेच राहिला तर घसरतोय, करून टाका. दोन्ही बरोबर चढले तर अजून पाच-सात हजार किलोमीटर सहज.

हिशेबी_माणूस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. भाव ढोबळ आहेत, बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे. म्हापसा-मडगावला थोडा फरक पडेल.

तुमचं १८,००० किमी. ऑईल या वयात ७,५०० ला बदलायचं, म्हणजे वर्षाला अडीच वेळा. एकदाचे ३,००० धरा, झाले ७,५००. डिझेल फिल्टर ९००, एअर फिल्टर ४००. १६५/८० आर १४ चे चार टायर १७,००० च्या आसपास आणि चालतात ४५,००० किमी, तेव्हा वर्षाच्या वाट्याला ६,८००. बॅटरी ६,००० ची, साडेतीन वर्षं, म्हणून १,७००. ब्रेक पॅड १,०००. ब्रेक ऑईल आणि कूलंट दर दोन वर्षांनी, वर्षाला ९००. बुश, लिंक रॉड, लोअर आर्म यांच्यासाठी ६,०००, आपले रस्ते बघता हे कमीच. थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसीला २०२२ च्या दराने ३,४१६ अधिक जीएसटी, म्हणजे ४,०००. आणि अचानक उगवणाऱ्यासाठी १५,००० वेगळे.

बेरीज ४४,२००. किलोमीटरला अडीच रुपये. डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज १८ धरलं तर इंधन किलोमीटरला ५. एकूण साडेसात.

आता लोक सर्रास म्हणतात, "दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर गेली की विका." हा हिशेब चुकीचा आहे. गाडीची किंमत आणि दुरुस्ती यांची तुलनाच होत नाही. तुलना करायची ती बदली गाडीच्या वर्षाच्या खर्चाशी. सहा लाखांची गाडी, पाच लाख कर्ज, १० टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता १०,६०० च्या वर, पाच वर्षांत व्याजच १,३७,०००, म्हणजे वर्षाला २७,५००. पाच वर्षांनी तिचे साडेतीन लाख आले तर घसारा वर्षाला ५०,०००. झाले ७७,५००. वर पूर्ण विम्याचे जादा दहा-बारा हजार. तुमची जुनी गाडीसुद्धा वर्षाला १५,००० उतरेलच, ते वजा करा. राहिले ७० ते ७५ हजार.

म्हणजे नेहमीच्या ४४,००० शिवाय जादा दुरुस्ती सलग दोन वर्षं सत्तर हजारांच्या आत राहिली तर जुनी गाडी स्वस्तच आहे. एका वर्षी १,१०,००० आणि पुढची तीन वर्षं काही नाही, तरी परवडतं. पण हे पैशाचं झालं.

दोडामार्ग_मार्गे

पैशाचं झालं हे बरोबर, पण तिथेच हिशेब चुकतो. रात्री आठला पावसात गाडी अनमोड घाटात बंद पडली तर टोचन करून आणायचे पाच-सात हजार, दुसऱ्या दिवसाची रजा आणि घरच्यांची बोलणी हे कुठल्या रकान्यात? बेभरवशाची गाडी रोजच्या नोकरीला नको. दुसरी गाडी किंवा बाइक घरात असेल तरच ठेवा.

हिशेबी_माणूस

मान्य, तो रकाना राहिला. साखळीहून पणजीला कदंबच्या बस भरपूर आहेत, तेव्हा रोजच्या रस्त्यासाठी मी फार घाबरणार नाही. घाटाबद्दल तुमचं बरोबर.

खारं_वारं

बेभरवशाची म्हणजे नेमकं काय, हे कोणी बोललं नाही. अशा गाड्या रस्त्यात थांबतात त्यातल्या निम्म्या दोनशे रुपयांच्या गोष्टींवर थांबतात. अर्थिंगची पट्टी, रिले, बॅटरीचं टर्मिनल, उंदराने कुरतडलेली वायर.

समुद्र जवळ असला की तांब्याच्या वायरीला हिरवट पावडर चढतेच. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या पट्ट्या सोडा, टोकं आणि खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत घासा, घट्ट कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. खाली जेली, वर नट असं करू नका. आधी धातूला धातू भिडला पाहिजे.

मोजायचं असेल तर दीड-दोनशेचा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवे. कमी असेल तर डायनॅमोचे ब्रश किंवा रेग्युलेटर, अख्खा डायनॅमो नव्हे. मग एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. सेल्फ जड फिरतो म्हणून लोक बॅटरी बदलतात, आणि तीन महिन्यांनी परत तेच रडगाणं.

एसीचं: चालताना थंड आणि उभं राहिल्यावर कोमट हे गॅस कमी असल्याचं पहिलं लक्षण नव्हे, कंडेन्सरवर हवा नाही याचं आहे. बॉनेट उघडा, एसी लावा, पुढचा पंखा फिरतो का बघा. नसेल तर रिले, फ्यूज, मोटर या क्रमाने. फिरत असेल तर कंडेन्सरच्या जाळीत तांबडी धूळ गच्च बसलेली असणार, डिचोली-साखळीच्या रस्त्यावर तर नक्कीच. आतून बाहेर, साध्या पाइपने धुवा. प्रेशर गनने पंख आडवे होतात. आणि हाच पंखा रेडिएटरलाही हवा देतो, म्हणजे तुमचा एसी आणि तुमचं कूलंट हा कदाचित एकच आजार आहे.

कूलंटबद्दल: टाकीत वरून काय ओतताय? विहिरीचं पाणी असेल तर आजच थांबवा. आपल्या विहिरींचं पाणी आत क्षार बसवतं, आणि किनाऱ्याजवळ तर मचूळ असतं, ॲल्युमिनियमचं हेड खातं. "इथे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला" हे वाक्य गॅरेजमध्ये कोणी बोललं की तिथून निघा. कूलंट गंज थांबवायला आणि उकळबिंदू वर ठेवायला असतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिसळलेलं.

साखळी_पणजी_साखळी

सगळ्यांनी सांगितलेलं तपासून घेतलं. निकाल:

पत्रा: बुरूज आणि स्प्रिंगच्या वाट्या टणटणीत. डावा रनिंग बोर्ड मागच्या जॅकच्या जागी आत जातो, साधारण वीतभर. चुंबक उजवीकडे सगळीकडे चिकटलं.
कोड: पी०२९९ सेव्ह झालेला. खालच्या होजला क्लिपजवळ दोन इंच चीर.
लीक-ऑफ: तीन बाटल्यांत जवळपास सारखं, चौथ्यात किंचित जास्त, दीडपटही नाही.
क्लच: आरपीएम उसळत नाही.
कूलंट: एक बारचा प्रेशर टेस्टर लावून वीस मिनिटं ठेवला. वॉटर पंपाखाली गुलाबी सुकलेला ओघळ सापडला, दाब हळूहळू उतरला.
एसीचा पंखा: एकदा फिरतो, एकदा नाही.

मेस्त्री म्हणतो, वॉटर पंप करायचाय तर ग्लो प्लगही (थंड इंजिन चालू होताना आत ऊब देणारे) बदलून घ्या, ३,२०० चे चार, सकाळी स्टार्टला त्रास होणार नाही. खडखड अजून आहे, ऑईल कालच बदललं.

रेल_प्रेशर

पात्रांव, ग्लो प्लग सोडा. साखळीला सकाळी वीस डिग्री असते. इतक्या उबेत हे इंजिन ग्लो प्लगशिवाय पहिल्या फेऱ्यात लागतं. आपल्याकडे डिझेल सकाळी लागायला त्रास देत असेल तर कारण बॅटरी, डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा, लीक-ऑफ किंवा कॉम्प्रेशन यांत शोधायचं.

होज नवा १,८०० ते २,५०० ला येईल. कंपनीचाच घ्या, स्वस्त रबर तेलाने सहा महिन्यांत फुगतं. टेप गुंडाळून घाटात जाऊ नका. बदलल्यावर कोड पुसा आणि चोर्ल्याला एक फेरी मारा. टर्बोचे ३२,००० रद्द. इंजेक्टरही रद्द. दीडपटीच्या आत आहे तो चालू द्या, वर्षाने परत बाटल्या लावा.

वॉटर पंप आणि गळती सापडली हे उत्तम, तरी हेड गॅस्केटची (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) शंका एकदाच फेडून घ्या. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा रेडिएटरचा वरचा होज सकाळी दाबा. मऊ असेल तर बरं, दगडासारखा असेल तर आत कॉम्प्रेशन शिरतंय. ब्लॉक टेस्टचं निळं द्रव टाकीच्या तोंडावर धरलं आणि हिरवं किंवा पिवळं पडलं तर पक्कं. पंप बदलताना तो फिरवणारा बेल्ट आणि थर्मोस्टॅटही करा, मजुरी एकच लागते. नंतर हवा नीट काढा. हवा अडकली तर नवा पंप असूनही तापमानाचा काटा चढतो आणि परत "हेड गेलं" सुरू होतं.

खडखडीला आठवडा द्या. रोज सकाळी किती सेकंद ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा.

फोंड्याचा_पाना

वीतभर रनिंग बोर्ड म्हणजे वाचली गाडी. आता पॅच मारताना तीन गोष्टी. सडलेल्याच्या पुढे दोन इंच शाबूत पत्रा येईपर्यंत कापायचं, वरून तुकडा चिकटवायचा नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडायची, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाईल. आणि वेल्ड झाल्यावर आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारायचं. गंज आतून येतो, बाहेरचा रंग फक्त बघणाऱ्यासाठी.

का सडला, तेही बघा. रनिंग बोर्डाच्या आणि दारांच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. चिखलाने बुजली की आत पाणी उभं राहतं. टूथपिकने उघडा. वायपरखालची प्लॅस्टिक जाळी काढा. आंब्या-फणसाखाली लावलेल्या गाडीत तिथे मूठभर कुजलेला पाला निघतोच, आणि तेच पाणी ब्लोअरमध्ये आणि पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. मे संपायच्या आत हे काम.

टक-टक राहिली. १६,००० चं सस्पेन्शन लगेच नको. चाक जमिनीवर असताना लिंक रॉड मुठीत धरा आणि कोणाला तरी गाडी वरखाली हलवायला सांगा. हातात टक लागली तर ५०० रुपयांचा लिंक रॉड. नाही तर जॅकवर घ्या. चाक वर आणि खाली धरून हलवलं आणि खेळ आला तर ब्रेक दाबून परत हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. आडवं धरून खेळ आला तर टाय रॉड एंड. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं, त्यामुळे तिथे काटकसर नको. बाकी बुश वाजत राहिले तरी चालेल.

दोडामार्ग_मार्गे

ब्रेक ऑईल कोणीच विचारलं नाही. चोर्ला उतरणारी गाडी आहे. डॉट-४ नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, हवेतली ओल पिऊन साडेतीन-चार टक्के पाणी झालं की १५५ पर्यंत खाली येतं. आपल्या हवेत दोन वर्षं ही हद्द. उतारावर पेडल स्पंजासारखं लागलं तर पॅड नव्हे, हे. सहाशे रुपयांचं काम आहे, क्लचच्या दहा हजारांआधी करा.

आणि गाडी २०१२ ची म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं. आरसी नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं, खाजगी कारला फी ५,०००, उशीर केला तर महिन्याला ५०० वर. मुदतीच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. दिल्लीची दहा वर्षांची डिझेलबंदी इथे लागू नाही, कोणी घाबरवून स्वस्तात घेऊ बघेल. फिटनेसला दिवे, हँडब्रेक, धूर बघतात. आरसीवर बीएस-४ असेल तर धुराची मर्यादा १.६२, बीएस-३ असेल तर २.४५. पीयूसीसुद्धा बीएस-४ ला वर्षाची, बीएस-३ ला सहा महिन्यांची.

हिशेबी_माणूस

मग नवं एस्टिमेट मांडतो. होज २,३००. वॉटर पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट, कूलंट मजुरीसह ८,०००. रनिंग बोर्डचा पॅच ६,०००, वीतभरच आहे. पंख्याचा रिले किंवा मोटर ५०० ते ३,०००. लिंक रॉड किंवा एक लोअर आर्म अलाइनमेंटसह जास्तीत जास्त ३,५००. ब्रेक ऑईल ६००. वाईटात वाईट धरून २३,४००. चेन लागलीच तर वर १४,०००, म्हणजे ३७,४००. क्लच पुढच्या वर्षात ढकला.

साखळी_पणजी_साखळी

आठवड्याची रेकॉर्डिंग बघितली. पहिले दोन दिवस दोन सेकंद, नंतर अर्ध्या सेकंदावर आली, काल-आज नाहीच. आधीचा ऑईल फिल्टर लोकल होता. होज बसवला, चोर्ला चढून आलो, कोड नाही. पंख्याचा दोष मोटरचा निघाला, ब्रश संपले होते.

रेल_प्रेशर

चेन सध्या तशीच ठेवा. ७,५०० ला हाच फिल्टर, आणि दर रविवारी थंड इंजिनावर डिपस्टिक बघा. या इंजिनात सगळं मिळून तीनेक लिटरच ऑईल बसतं. एक लिटर कमी झालं म्हणजे तिसरा हिस्सा गेला, आणि टेन्शनरला ते सगळ्यात आधी कळतं.